शटरच्या डोळ्यांतलं गंध

आमच्या गराजचं शटर आयुधपूजेपासून आपणहून बंद होत नव्हतं, आणि मी सेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. यातलं एकेक वाक्य मी कुणालाही सांगत असे. दोन्ही एकत्र सांगायचं मात्र कटाक्षानं टाळत असे.

कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला, घर अण्णा नगरात. गाडी मागे घेताना टुंटुं वाजतं ना, ते वाजवणारा सेन्सर आम्ही बनवतो. त्याच्यावर धुळीचा कण दिसला तरी मी अख्खी पेटी परत पाठवतो. खात्यातली पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची मुलगी मीनू अंगणभर धावायला लागली तेव्हा गराजला मोटारीचं शटर बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक बारीक काचेचा डोळा लावला. या डोळ्यातून त्या डोळ्यात न दिसणारा किरण जातो. शटर खाली येताना मध्ये मूल आलं, मांजर आलं, काहीही आलं, की शटर थांबतं आणि उलटं वर जातं. "दर आठवड्याला मऊ कापडानं डोळे पुसा आणि खाली खोका ठेवून एकदा तपासा," एवढंच त्यानं बजावलं. मी तज्ज्ञ असल्यामुळे ऐकलं नाही. आईनं ऐकलं. त्यातलं तिला एवढंच कळलं, की हे दोघे मीनूला राखायला बसलेत.

आम्ही तंजावरकडचे मराठी. (माझी बायको सुप्रिया सांगलीची. म्हणून तर हे लिखाण तुम्हाला वाचता येतंय!) आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे घरातल्या यच्चयावत यंत्रांना गंध-कुंकू लागतं. गाडी, मिक्सर, धुलाईयंत्र, माझ्या वडिलांची, अप्पांची सायकल, माझा लॅपटॉप. सांगलीला खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे सुप्रियाला माहीत होतं, पण इडली-डोशाच्या ग्राइंडरला हळदीकुंकवाच्या सवाष्णीसारखं नटवलेलं तिनं इथेच पाहिलं. त्या वर्षी आई ताट घेऊन गराजमध्ये बराच वेळ होती. आत आल्यावर अप्पांनी विचारलं तर म्हणाली, "अस्क्यांना लावट्लें. राखणाऱ्यांना सोडून कसं होईल?" (म्हणजे सगळ्यांना लावलं.)

दुसऱ्या दिवसापासून शटर बंद होईना. अर्ध्यावर यायचं, विचार बदलल्यासारखं थांबायचं आणि वर जायचं. मी लगेच निदान केलं: ऊन. संध्याकाळीही तेच झालं तेव्हा म्हणालो, विजेचा दाब. मग उंदीर. मग बांधकामच तिरकं. एकदाच खाली वाकून बघितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, पण वाकायचं म्हणजे मध्ये माझं पोट येतं. शेवटी बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, भिंतीवरचं बटण दाबून धरा, म्हणजे डोळ्यांना न विचारता शटर खाली येईल. पण ते दुरुस्ती होईपर्यंतच, आणि समोर उभं राहून, नजर न हलवता. यातलं मी फक्त "दाबून धरा" एवढंच घरात पोचवलं.

मग बटण दाबणं हे आमच्या घरी दूध तापवण्यासारखं रोजचं काम होऊन बसलं. सकाळी मी, दुपारी सुप्रिया, बाकी वेळ आई. मी रोज म्हणायचो, या रविवारी बघतो.

मार्गळीत, डिसेंबरच्या थंडीत, आई आजारी पडली आणि पोंगल होऊन थोडे दिवस झाले तेव्हा गेली. याच्यात विनोदी काही नाही. मी पुष्कळ शोधलं.

त्यानंतर बटण अप्पांनी आपल्याकडे घेतलं. त्यांना काहीतरी करायला हवं होतं. शटर पार जमिनीला टेकलं तरी ते बटणावर बोट ठेवून भिंतीकडे बघत उभे असायचे. सुप्रिया हळूच जाऊन म्हणायची, "अप्पा, झालं बंद." "सरि," म्हणून ते बोट काढायचे. कुणी म्हणेपर्यंत काढायचे नाहीत.

चित्रैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात एक दिवस मीनू बालवाडीतून आली. तिचं दप्तर गराजच्या तोंडाशी पडलं होतं. अप्पा भिंतीकडे तोंड करून बटण दाबत होते. मीनू दप्तर घ्यायला खाली वाकली आणि शटर तिच्यावर यायला लागलं. सुप्रियानं कपडे वाळत घालता घालता पाहिलं आणि धावत जाऊन तिला फ्रॉकला धरून ओढलं. शटर दप्तरावर बसलं. आतला डबा चपटा झाला, लिंबूभात शिवणीतून बाहेर आला. मीनूला खरचटलंसुद्धा नाही. ती डब्यासाठी रडली. अप्पा मात्र तिथेच खाली बसले.

रविवारी मी वाकलो. (पोट मध्ये आलं; त्याला बाजूला सारलं.) टॉर्च मारला आणि दिसलं. दोन्ही डोळ्यांवर, काचेच्या बरोब्बर मधोमध, वाळलेलं चंदनाचं गंध आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. गंधात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या. माझ्या खात्यात इतक्या नेमक्या जागी काही लावणारा एकही माणूस नाही.

मी ओलं फडकं आणायला सांगितलं. अप्पा मागे उभे होते. म्हणाले, "नको पुसूस."

"अप्पा, यानंच तर सगळं झालंय. मीनू..."

"ते तुझ्या आईचं बोट आहे की," अप्पा म्हणाले.

मी फडकं खाली ठेवलं.

अप्पांनीच मग तोडगा काढला: बटणाला कुणी हात लावायचा नाही आणि शटर बंदच करायचं नाही. उघडं शटर कुणाच्या अंगावर पडत नाही. तर्कात खोट काढता येईना, म्हणून शटर उघडं राहिलं. पहिल्या दिवशी गल्लीतली कुत्री सहकुटुंब राहायला आली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सावली बघून आपली स्कूटर आत लावली. मग पार्सलवाल्याला शोध लागला, की या गराजमध्ये अख्ख्या गल्लीचे खोके ठेवता येतात. लोक माझ्या दारात येऊन माझ्याकडेच आपलं पार्सल मागायला लागले आणि खोका दबला असेल तर मलाच बोलायला लागले! तक्रारी ऐकायला मला कारखान्यात जायची गरज उरली नाही.

सुप्रियानं बरेच दिवस सोसलं. एकदा भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "आईंची आठवण मलाही येते. पण त्यांनी ते कुणासाठी लावलं होतं?" मी अप्पांशी बोलतो म्हणालो आणि बोललो नाही.

बोलली मीनू. अप्पा रोजच्यासारखे गराजमध्ये खुर्ची टाकून, कुत्र्यांच्या संगतीत, त्या डोळ्यांकडे बघत बसले होते. ती जवळ गेली, उकिडवी बसली आणि निरखून म्हणाली, "आजोबा, याच्या डोळ्यात गेलंय. झोंबत असेल ना?"

अप्पांनी खुर्चीतूनच पुढे वाकून पाहिलं.

"माझ्या डोळ्यात शिकेकाई गेली की आजी लगेच पुसायची," ती म्हणाली. "पदरानं."

अप्पा खुर्चीवरून उठले, भिंतीला धरून जमिनीवर बसले. नेसलेल्या वेष्टीचं टोक ओलं केलं आणि एका डोळ्यावर ठेवलं. घासलं नाही, नुसतं धरून ठेवलं, गंध भिजून सुटेपर्यंत. मग मला म्हणाले, "दुसरा तू पूस. तुझीही आई होती." मी खिशातला रुमाल काढला. काच स्वच्छ व्हायला काही वेळ लागत नाही. मी मात्र बराच वेळ पुसत होतो.

मग खोका ठेवून तपासायचं ठरलं. खोक्यांची आमच्याकडे ददात नव्हती. अप्पांनी बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं आणि बोट काढून घेतलं. शटर खाली आलं, खोक्याच्या जरा वर थांबलं आणि मुकाट्यानं परत वर गेलं. अप्पा म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच झालं. "बघतंय," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडले. मीनूनं त्यांचे डोळे पुसले, फ्रॉकनं. खोका काढल्यावर शटर पूर्ण बंद झालं. कुत्री बाहेर राहिली आणि पुढे आठवडाभर आमच्याकडे पाहून भुंकली.

आता दर रविवारी डोळे पुसायचं काम अप्पांचं आणि खोका ठेवायचं मीनूचं. राहिली ती वेष्टी. अप्पा ती धुवायला देईनात. घडी करून उशाशी ठेवली. सुप्रियानं मला पुढे केलं. मी त्यांच्याजवळ बसून चांगला अर्धा तास समजावलं, की अप्पा, आठवण मनात असते, कापडात नसते. कापड मळलं की धुवायचं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी वेष्टी स्वतःच बादलीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी नेसलीसुद्धा.

माझा रुमाल हरवला असं मी घरी सांगितलंय. सुप्रियानं नवे आणून दिले. तो कारखान्यात आहे, माझ्या टेबलाच्या खणात, नमुने ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. कुणी कचरा समजून टाकू नये म्हणून त्याला आमच्या खात्याची पिवळी चिठ्ठी लावलीय: तपासणी बाकी, हलवू नये. नियमाप्रमाणे असा माल फार दिवस अडवून ठेवता येत नाही, विभागप्रमुखानं सही करून तो निकालात काढायचा असतो. खात्यातली पोरं अधूनमधून आठवण करून देतात. पण आमचे विभागप्रमुख भयंकर चेंगट आहेत, सहीच करत नाहीत.