सर्व्हरची खंडेनवमी
झेंडूचा वास आला की चाकणच्या आमच्या कंपनीतली ती खंडेनवमी आठवते बघा. सगळी यंत्रं पूजेसाठी बंद, गोदामातून माल मात्र जात होता, आणि गाड्यांचे गेटपास निघायचे मी सांभाळायचे त्या पोर्टलवरून, म्हणजे त्याच्या सर्व्हरवरून. मी म्हटलं, "सर्व्हरलाही आज विश्रांती देऊ." साहेब ओरडले, "अहो ताई, गाड्या अडकल्या तर नोकरी जाईल तुमची!" पहिला बंद असला तरी काम चालू राहावं म्हणून जोडीचा दुसरा सर्व्हर मी माझं मीच शिकून उभा केला होता, पण त्याच्यावर भरवसा कुणाचाच नव्हता. सगळं काम त्याच्यावर वळवलं, पहिला बंद केला आणि खिडकीशी धावले, तर गाड्या एकामागून एक बाहेर पडतायत! मग निवांत हळदकुंकू वाहून पहिला पुन्हा सुरू केला. तेवढ्यात साहेबच नारळ घेऊन आले, म्हणाले, "ताई, आता दुसऱ्याचीही पूजा करा." तेव्हा ताठ झालेली मान अजून तशीच आहे माझी.