रडायचंय का हसायचंय

लोणावळ्याच्या बाजारात एक कॉमिक्सवाला आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, "रडायचंय का हसायचंय?" मग त्याला शोभेल तेच काढून देतो. तापट माणसाला मारामारीचं, एकट्या राहणाऱ्याला मांजरांचं. मलासुद्धा त्यानं मांगा दिली, म्हणजे मागून उघडून वाचायचं जपानी कॉमिक. "मावशी, ह्यात नुसता सैपाक हाय, तुमाला आवडंल." आवडली बाई, खोटं कशाला बोलू.

त्याची बायको मागं बसून पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालते. एकदा मी विचारलं, "हिला काय आवडतं रे?"

"हिला?" तो हसला. "हिला कुटं काय आवडतंय, मावशी."

तेवढ्यात मुंबईची एक मुलगी आली. त्यानं बायकोच्या मांडीशेजारची मांगा उचलून तिला दिली. मुलीनं ती उघडली, तर मधल्या पानातून खुणेला घातलेली केसांची पिन पडली.

त्यानं पिन बायकोच्या हातात ठेवली. "ध्यान कुटं असतं तुजं?" म्हणाला, आणि पुस्तक विकून टाकलं.

पिन केसांत खोचताना ती त्या मुलीच्या पिशवीकडं बघत राहिली. तो पुढच्या गिऱ्हाइकाला विचारत होता, "रडायचंय का हसायचंय?"