लेव्हलचा बुडबुडा

तारापूरला वीजकेंद्राची उभारणी चालू होती तेव्हा आमच्या वसाहतीत एकाच बंगल्याला एअरकंडिशनर होता. तो खिडकीत बसवला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि थोरल्या साहेबांनी लेव्हलची पट्टी यंत्रावर ठेवून बुडबुडा बरोबर मधोमध आणून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत यंत्राचं पाणी बाहेर जायचं सोडून साहेबांच्या उशाशी टपकू लागलं.

मी देखभाल विभागात कनिष्ठ सुपरवायझर होतो. दुरुस्ती माझ्या सहीनं पास व्हायची. या यंत्राची दुरुस्ती केली होती केळव्याच्या एका रोजंदारीवरच्या माणसानं. वय चाळिशीचं, घरची सुपारीची वाडी भावांत वाटली गेल्यावर इकडे आलेला. काम पास झालं तर कायम, नाही तर महिनाअखेरीस घरी, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं.

तपासणीला साहेब आले, मागे फाइल घेऊन दोन मदतनीस. साहेबांनी पट्टी ठेवली. बुडबुडा खोलीच्या बाजूला सरकून बसला.

"हे वाकडं आहे!"

"वाकडंच केलं, सायेब. आतल्या अंगाला पाचर मारली हाय."

"मी लेव्हलमध्ये बसवलं होतं."

"म्हनून तर पानी उशाशी आलं." मदतनीस एकदम फाइल वाचू लागले. "वाडीतला पाट असा सपाट खनला, तर शेवटची पोफळ मरंल का नाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उताराचं गणित मीही परीक्षेत सोडवलं होतं, आणि तरी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी तांब्याभर पाणी मागवलं आणि झाकण काढून आतल्या ताटलीत ओतलं. "आलं!" बाहेर पाण्याच्या नळीपाशी गेलेला तो माणूसच ओरडला. ज्याची नोकरी अडकली आहे त्याच्या शब्दावर सही कशी करणार? मी एका मदतनिसाला पाठवलं. पाणी खरंच आलं होतं. पण एका तांब्यानं काय कळणार? समुद्रावरचं दमट वारं दिवसभर पाणी देतं. मी यंत्र संध्याकाळपर्यंत चालू ठेवायला सांगितलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं.

"पेपर कशाला?" साहेब.

"गळलं तर ओला होईल. नाही तर वाचता येईल."

संध्याकाळी पेपर कोरडा होता. मी भिंतीवरून हात फिरवला. जुना डाग होता, पण ओल नव्हती. दाखल्यावर 'काम उत्कृष्ट' असं छापलेलं होतं. मी ते खोडून 'पुरेसे' लिहिलं.

"उत्कृष्ट का नाही?" साहेबांनी विचारलं.

"उत्कृष्ट मागच्या वेळी लिहिलं होतं, साहेब."

साहेब हसले आणि खाली सही केली. पट्टी मात्र खिशात घालून घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात तो माणूस कायम झाला. रविवारी केळव्याला जाऊन त्यानं पोफळीचं रोप आणलं आणि बंगल्यामागे, त्या नळीच्या खाली लावलं. मी जाता-येता वाकून बघायचो. माती ओली असायची.