बोक्यांनी पुसलेला मामा

“ह्याच्यात मामा कुठंय?” मंगलताईंनी विचारलं.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. “हे काय. हे गुलाबी दिसतंय ना, तो त्यांचा फेटा.”

“आन् फेट्याखाली?”

फेट्याखाली मामांचा चेहरा होता, पण तो मला ठाऊक होता म्हणून. एरवी तिथे भिजवलेल्या कणकेचा एक गोळा होता. पुढे मंगलताईंची धाकटी लेक प्रियंका, अंतरपाटासमोर, नजर खाली. पापणीचा केस न् केस स्पष्ट. माझ्या मते मी आजवर काढलेला सगळ्यात सुंदर फोटो. शाबासकी मिळेल म्हणून तर मी ताईंना सोनईहून माझ्या सावेडीच्या स्टुडिओत खास बोलावून घेतलं होतं.

“ताई, याला आमच्या लाइनीत बोके म्हणतात,” मी समजावलं. “मागचं असं लोण्यासारखं दिसणं. त्याला फार भारी लेन्स लागते.”

“कुठलं बोकं?”

“मांजरातले नाही. तो परदेशी शब्द आहे.”

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. क्लायंटचा राग मला हाताळता येतो, सवय आहे. त्या हनुवटीवरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, “दादा रोज फोन करतोय फोटोसाठी. त्याला काय दावू मी?”

तेव्हा मला सगळा मामला कळला. मंगलताईंचे थोरले भाऊ भास्करराव शेवगावजवळ राहतात. ताईंच्या मोठ्या मुलीच्या लग्नात माईकवाल्याने सत्काराला आधी चुलतमामाचं नाव पुकारलं आणि पहिला फेटा त्याला बांधला गेला. सख्खा मामा खुर्चीत बसून बघत राहिला. भास्करराव न जेवता निघून गेले आणि त्यानंतर त्यांनी बहिणीचा उंबरा चढला नाही. हे मुद्दाम केलं, मेहुण्यानेच करवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. यंदा धाकटीचं लग्न ठरल्यावर ताई स्वतः माहेरी गेल्या, दाराशी बसून राहिल्या. “मागचं सगळं सोड, पण पोरीच्या पाठीशी उभा राहा,” एवढं एकच म्हणाल्या. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तो उभा राहिला. आणि मी त्याला पुसून टाकला.

“तो म्हनंल, दाजींनी सांगून पुसला,” ताई म्हणाल्या. “पुन्हा न्हाई यायचा माझ्या दारात.”

आता हे झालं कसं ते सांगतो. लग्नाच्या आधी प्रियंका स्टुडिओत आली होती. पुण्यात शिकलेली मुलगी. तिने मोबाईलवर कुठलातरी फोटो दाखवला. “आमच्या कार्यालयात मागे कूलर असतात, खुर्च्यांची चळत असते, पाण्याचे जार असतात. मला मागचं काही म्हणजे काही दिसायला नको.” मी मान डोलावली. मनात मात्र लाडू फुटत होते. नवी लेन्स घ्यायला मला बरेच दिवस सबळ कारण हवं होतं, आणि ते स्वतःच्या पायांनी दुकानात आलं होतं.

मला हवी होती ती प्राईम लेन्स, म्हणजे झूम न होणारी. चित्र जवळ आणायचं तर आपण जवळ जायचं, लांब न्यायचं तर आपण मागे सरकायचं. बाकी सगळा थाट तिच्या पोटातल्या खिडकीत. ही खिडकी मोठी उघडली की एक बारीकशी पट्टी तेवढी स्पष्ट येते आणि पुढचं-मागचं धूसर होतं. तिचे आकडे उलटे असतात. आकडा लहान तितकी खिडकी मोठी. आठावर ठेवली तर नवरी, मामा, कूलर, सगळे हजर. एक पॉइंट दोनवर ठेवली तर डोळे येतात आणि कान गेलेला असतो.

ओळखीच्या दुकानदाराकडून मी तीन लेन्स पाहायला आणल्या आणि गच्चीवर बायकोला, सुनीताला, उभं केलं. पन्नास मिलिमीटरची लावली. मागची शेजाऱ्यांची पाण्याची टाकी मऊ झाली, पण टाकीच राहिली. एकशे पस्तीसची लावली. टाकी गायब, पण सुनीता फ्रेममध्ये मावावी म्हणून मी इतका मागे सरकलो की कठडा पाठीला लागला. कार्यालयात इतकं मागे गेलो तर मी थेट जेवणाच्या पंगतीत पोचलो असतो. मग पंच्याऐंशीची लावली. नाताळच्या वेळची लाइटची माळ अजून गच्चीवर तशीच होती. तिचे दिवे गोल गोल बत्तासे झाले. एकावर एक रेलून बसलेले. मी हरखून गेलो.

“बघू, मी कशी आलेय?” सुनीता म्हणाली.

“तू राहू दे. मागचं बघ.”

तिने बघितलं. “मागे आई कपडे वाळत घालत होत्या. त्या कुठे गेल्या?”

“तेच तर,” मी आनंदाने म्हणालो. “आहे की नाही लेन्स?”

माणसाला देव इशारा देतो तो असा, रोकडा, गच्चीवर. पण मी तोपर्यंत दुकानदाराला फोन लावला होता.

लग्नाच्या दिवशी मी नवी लेन्स चढवली, खिडकी एक पॉइंट दोनवर नेली आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत काही म्हणता काही बदललं नाही. जुनी झूम गाडीत पडून होती. व्हिडिओवाला पलीकडे, नवरदेवाच्या बाजूला. त्याच्याकडे आमचे मामा म्हणजे अंतरपाटाच्या वर हलणारा फेट्याचा तुरा. अक्षता पडल्या, मामा जेवले आणि निघाले. स्टेजवर फोटोसाठी रांग लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आमच्या चर्चमधल्या लग्नात मामा आपला बाकावर बसलेला असतो, त्यामुळे माझं लक्ष गेलं नाही, अशी एक सबब मी मनात तयार केली होती. पण निम्मी हयात मी मंगलाष्टकांचेच फोटो काढत आलोय. ती सबब ऐकून सुनीतासुद्धा हसली असती.

“तुमीच जा न सांगा त्याला,” ताई म्हणाल्या. “माझ्यानं न्हाई हुयाचं.”

मी शेवगावला निघालो. वाटेत दोन भाषणं तयार केली. एक क्षमेचं, एक कलेचं. ताईंनी आधी फोन करून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं.

भास्कररावांच्या ओसरीत कापसाचा ढीग लागला होता. ते त्याला टेकून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “बोका आता कुठंय?”

“कोण?”

“मंगी म्हनली, बोक्यानं फोटो खराब केला. मुतला का काय त्याच्यावर?”

क्षणभर मोह झाला. बोक्यावर ढकलून सुटता आलं असतं. स्टुडिओच्या मागे एक बोका हिंडतोही. पण हा माणूस माईकवाल्याची एक चूक इतकी वर्षं सांभाळून बसला होता. बोक्याची भानगड उघडी पडली असती तर माझं काही खरं नव्हतं. मी टॅब काढला आणि फोटो पुढे धरला.

त्यांनी टॅब हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. “मला पुसलं व्हय?”

“मी पुसलं. म्हणजे लेन्सने. कुणी सांगितलं नव्हतं.” कलेचं भाषण मी कुठल्या कुठे विसरून गेलो. “माझ्याच हौसेपायी झालं, मामा. नवरीला कूलर नको होता. मी कूलरबरोबर तुम्हालाही घालवलं.”

“दाजी कुठं हायेत ह्यात?”

मी मागचा एक राखाडी डाग दाखवला. “ते हे. कूलरशेजारी. की हाच कूलर, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.”

मामांनी डाग नीट निरखला. मिशी जराशी हलली. “आन् ह्यो पिवळा?”

“तुमचे चुलतभाऊ. फेटा पिवळा होता ना त्यांचा.”

“त्येबी गेलं?”

“पार गेले.”

“मंग जाऊ द्या,” मामा म्हणाले आणि आत वळून हाक मारली, “अगं, च्या टाक. फोटोवालं आलेत.”

माझ्या जिवात जीव आला. सगळेच पुसले म्हटल्यावर मानाचा प्रश्नच उरला नाही. मी लगेच घोडं दामटलं. मांडवपरतणीला प्रियंका माहेरी येईल, तेव्हा तिला पुन्हा शालू नेसवू, तुम्ही फेटा बांधून पाठीशी उभे राहा, मी सगळं स्पष्ट काढून देतो, फुकट. मामांनी हात वर करून मला थांबवलं.

“पाठीशी एकदाच उभं ऱ्हायचं असतं,” ते म्हणाले. “ते काय नाटक हाय व्हय पुन्हा करायला?”

मी ओशाळलो. ते दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत होते. प्रियंकाचे डोळे, नथ, मुंडावळ्या. तिथून बोट खाली सरकलं आणि तिच्या खांद्यावर थांबलं. तिथे एक हात होता. मामांचा डावा हात. मामा उभे होते मागे, पण हात त्यांनी भाचीच्या खांद्यावर ठेवला होता, अगदी तिच्या चेहऱ्याच्या रेषेत. त्या बारीक पट्टीत तेवढा सापडला होता. नखातली माती, मनगटावरची हळद, आणि टोकाला वाकडी झालेली करंगळी. फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता, पण पापण्यांच्या कौतुकातून खाली कधी उतरलोच नव्हतो.

“ही करंगळी कडबाकुट्टीत गेल्ती,” मामा म्हणाले. “मी वैरन सारत हुतो न चुलता चाक फिरवीत हुता. त्याला दिसंना. मंगी एवढीशी पोर, तिनं पळत येऊन चाकाला मिठी मारली. तिची हनुवटी फुटली, पर माझा पंजा वाचला.” त्यांनी करंगळी टॅबशेजारी धरली. दोन्ही सारख्याच वाकड्या होत्या.

मग त्यांनी फोन लावला. “मंगे, फोटो आलाय. व्हय, बघितला. त्वांड न्हाई आलं. त्वांड काय करायचंय? हात आलाय माझा. करंगळी दिसतीया.” मामा फोन कानाशी धरून कापसाकडे बघत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण चहा यायचा होता.

“रडू नगं,” ते शेवटी म्हणाले. “पोरगी माघारी आली की मी येतो. जेवायलाच येतो. दाजींना म्हनावं, फेटा न्हाई बांधला तरी चालंल.”

तोच फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर गेला. प्रियंकाने तो तिच्या मोबाईलवरून सगळीकडे पाठवला आणि लोकांनी फोटोग्राफरच्या विचारशक्तीचं फार कौतुक केलं. चेहरा मुद्दाम धूसर ठेवून फक्त आशीर्वादाचा हात दाखवला, किती खोल विचार. मी हात जोडल्याची खूण पाठवली. त्या चित्राचं श्रेय एका कडबाकुट्टीचं आहे हे कुणाकुणाला सांगत बसणार?

लेन्स अजून माझ्याकडे आहे. मंगलाष्टकांच्या वेळी ती बॅगेत असते. आता मी लग्नघरी पोचलो की आधी मोठ्याने विचारतो, “मामा कोण?” मगच खिडकीचा आकडा ठरवतो. मागचं विरघळवण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघून घ्यावं, हा माझा धडा. तो शिकलोय असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो. परवा आई स्टुडिओत आली. भिंतीवर सुनीताचा गच्चीवरचा फोटो मी कौतुकाने लावलाय, बत्ताशांसकट. आईने चष्मा पुसून तो जवळून पाहिला.

“ह्याच्यात मी होते ना?” तिने विचारलं. “कुठंय?”

मी पुढे झालो, पण बोट कुठे ठेवायचं ते मलाच सापडेना.