चपला आधी खाली

घळीच्या तोंडाशी आल्या की जिवलाबाई पायांतल्या रबरी चपला काढायच्या आणि खाली भिरकावून द्यायच्या. चपला दगडांवर आपटत तळाच्या वाळूत पडल्याचा आवाज आला की पदर खोचायचा आणि उतरायला लागायचं. "चपला गेल्या की मानूस मागं जातंच," असं त्या म्हणायच्या. अनवाणी पाय ओल्या दगडावर घट्ट बसतो, हात मोकळे राहतात, हे खरं कारण मला फार उशिरा कळलं.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. कोलोरॅडोची दरी फळ्यावर अशी रंगवायचो, की सर तिथे दोन-तीनदा तरी जाऊन आलेत असं मुलांना वाटावं. प्रत्यक्षात उंचीच्या भीतीनं मी गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा जायचो नाही. वाळलेले कपडे काढायला बायकोच जायची. अशा माणसाच्या नशिबी शिक्षकांची सहल आली, तीही पेठकडच्या एका पाड्यावर, घळ बघायला. वाट दाखवायला जिवलाबाई आणि त्यांचा मुलगा होते. बाई साठीच्या, काटक, बोलायला फटकळ. बाकीचे सगळे मुलामागून उतरले. मी काठापासून चांगला दहा पावलं लांब बसलो आणि गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

"गुडघा नाय दुखत तुमचा, गुर्जी. भ्या वाटतंय. बूट काढा बरं, बघू."

गुडघ्याला काहीतरी झाडपाल्याचा उपाय करणार असतील, म्हणून मी मुकाट्यानं बूट काढले. त्यांनी ते उचलले आणि घळीत टाकले. मागे सगळी करवंदीची जाळी, काट्यांतून अनवाणी परत जायची सोय नाही. मी इतका संतापलो, की त्या संतापातच पहिली चार पावलं उतरलो.

"खाली बघू नका. दगडाला तोंड करा. मी तुमच्या खालीच हाय," त्या सांगत होत्या आणि माझा एकेक पाय हातानं धरून खाचेत बसवत होत्या. ज्या थरांची चित्रं मी जन्मभर रंगीत खडूंनी काढली, ते थर नाकासमोर होते. लाव्हा थंड होताना राहिलेली भोकं, त्यांत साचलेलं पाणी, त्या पाण्यावर वाढलेलं नखाएवढं नेचं. तळाला पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले होते, की हात पसरले तर दोन्हीकडे दगड लागत होता, आणि वर आभाळाची निळी चिंधी. पन्नाशी उलटलेल्या मला तिथे रडू आलं. जिवलाबाई वाळूतून माझे बूट शोधत होत्या.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी जाऊ लागलो. जाताना जगातल्या दऱ्यांची मोठी छायाचित्रं घेऊन जायचो. बाई चुलीपुढे बसून ती बघायच्या आणि निकाल द्यायच्या. कोलोरॅडो बघून म्हणाल्या, "लय मोठी हाय. पन चढताना सावली कुठं?" नामिबियातली बघून, "हितं पानी गेलंय कुठं?" पेरूमधल्या दरीचं चित्र मात्र त्यांनी सोडलंच नाही. उतारावर पायऱ्यांसारखी शेतं होती. "हितं मानसं राहत्यात. हितल्या बाईचं म्हायेर वर, का खाली?"

दऱ्यांची खोली मला तोंडपाठ होती. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जिवलाबाईंचं स्वतःचं माहेर खाली होतं, घळ संपते तिथल्या गावात. लग्न होऊन त्या याच घळीतून वर आल्या आणि दर सणाला तिच्यातूनच खाली जायच्या. आता घाटातून जीप जाते, खाली भाऊ आहे, भावजय आहे. पण "जीपनं गेलं की पाव्हनी आल्यासारखं वाटतं," म्हणून त्या बसायच्या नाहीत.

मागच्या पावसाळ्यात त्या पडल्या. घळीत नाही, स्वतःच्या अंगणात, शेवाळावर. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन झालं, पायात सळई आली. डॉक्टरांनी घराची पायरीसुद्धा जपून उतरा म्हणून बजावलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर एवढंच विचारलं, "गुर्जी, आता म्हायेरी जीपनंच का?" फटकळ बाई, पण ते विचारताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

या हिवाळ्यात गेलो तर म्हणाल्या, नुसतं तोंडापर्यंत चला. काठी टेकत, थांबत थांबत आम्ही पोचलो. वारा खालून वर येत होता. त्या अगदी काठाशी उभ्या राहिल्या. मग खाली वाकल्या, चपला काढल्या आणि मी हात धरायच्या आत भिरकावून दिल्या.

"जिवलाबाई, अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टरचं म्हायेर कुठंय? तुमी खाली व्हा आधी."

मी बूट काढून चपलांमागे टाकले. मग दगडाला तोंड करून त्यांच्या आधी उतरलो आणि त्यांचा एकेक पाय धरून खाचेत ठेवू लागलो. गच्चीवर न जाणारा मी. आठ खाचा झाल्या. नवव्या खाचेपाशी बसण्यापुरता सपाट दगड आहे, तिथे त्यांना धाप लागली. आम्ही बसलो. खाली वाळूवर चपला दिसत होत्या, एक उताणी, एक पालथी.

"आज एवढंच," त्या म्हणाल्या.

वर येऊन त्यांनी मुलाला हाक मारली. तो खाली उतरून माझे बूट घेऊन आला. चपलांना त्यांनी हात लावू दिला नाही. घरापर्यंत त्या माझे बूट घालून आल्या, मी मोज्यांवर.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवा म्हणाल्या, अंगणात बारा फेऱ्या होतात, काठीशिवाय. सून नव्या चपला आणते म्हणत होती, तिला नको म्हणून सांगितलं.

"माझ्या हायेत की खाली. म्हायेरच्या वाटंला लागल्यात. पाऊस पडायच्या आत या, गुर्जी."