हजेरीची काळजी करू नका म्हणे

मंडळी, लेकीच्या बी.एस्सी. बायोटेकसाठी काल लातूर पालथं घातलं, आज नांदेड.

तिसऱ्या कॉलेजात लेक म्हणाली, "सर, लॅब बघू का?"

क्लार्क हसला. "लॅब कशाला? नीटची परीक्षा परत देणार ना तू? ॲडमिशन इथं ठेव, क्लास लातूरला लाव. हजेरीचं आम्ही बघतो."

"न्हाई सर. मी नीट दिलीच नाही. मला बायोटेकच शिकायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग ही काय रोज येणार का?"

लॅबला कुलूप होतं. चावी कुणाकडं हाय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काल लातूरलाही हेच ऐकलं, फक्त तिथल्या खुर्च्या बऱ्या होत्या.

पोरगी भोकरहून रोज यायला तयार हाय. शिकवणारेही रोज येतात असं एखादं कॉलेज माहीत असेल, तर सांगा.