नऊ दिवस खबर नव्हती

आमच्या श्रीरामपूरच्या घराचा वरचा मजला रिकामा होता, तेव्हा दोन तरुण मिशनरी तो भाड्यानं बघायला आले. एक आंध्रचा आणि दुसरा टोंगाचा. टोंगा म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं, हे मला नकाशा उघडून बघावं लागलं. तो पोरगा वीस वर्षांचा, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतका उंच. आंध्रचा त्याच्या खांद्यापर्यंत. दोघांचे पांढरे शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाचे. दोन वर्षं घर सोडायचं, पाठवतील त्या गावात राहायचं, तिथल्या आपल्या पंथाच्या चार घरांना धरून राहायचं, असा त्यांचा नेम. एकानं दुसऱ्याला सोडून कुठं जायचं नाही, हाही नेमच.

घरात मी आणि आई, आम्ही दोघीच. मी शाळेत मराठी शिकवते. आई मूळची सोनईची, इथल्या मिशनच्या दवाखान्यात उभं आयुष्य नर्स होती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, पण हा पंथ आम्ही ऐकलासुद्धा नव्हता. आईनं रीतीप्रमाणं चहा आणला. दोघांनी हात जोडले. "आम्ही चहा घेत नाही. कॉफीही नाही," आंध्रचा हिंदीत म्हणाला.

आई मला आत घेऊन गेली. "चा न पिनारी मानसं कशी असतात गं? आमच्या दवाखान्यातली गोरी मॅडम तर दिसाला चार कप प्यायची. हे कसले मिशनरी?"

तरी आम्ही जागा दिली, कारण पोरं नम्र होती. पण चहा नाकारल्याची सल आईच्या मनात राहिली. आठवडाभरानं तिनं गवती चहा आणि आलं उकळून दोन पेले वर नेले. आता पंचाईत अशी की नावातच चहा. दोघं इंग्रजीत बराच वेळ बोलले.

"आजी, यात चहाची पत्ती आहे?" आंध्रच्यानं विचारलं.

"गवत हाय बाबा, गवत."

त्यांनी घोट घेतला आणि आई जिंकल्यासारखी खाली आली. त्यानंतर रोज संध्याकाळी तो उकाळा ठरलेला.

सकाळी साडेसहाला वर पावलं वाजायची. मग दोन तास वाचन, प्रार्थना. टोंगाचा मोठ्या आवाजात गायचा आणि मग कुणाला त्रास होईल म्हणून एकदम थांबायचा. आई खालून ओरडायची, "गा रे, गा!" नऊला सायकलींवरून बाहेर. ऊन चढलं तरी टाय सुटायचा नाही. कुणा आजाऱ्याचं दळण आणून दे, कुणाच्या पोरांचा अभ्यास घे, राहुरीकडच्या एका कुटुंबाला भेटून ये, असं चाललेलं. सोमवार सुट्टीचा. त्या दिवशी गच्चीवर पांढऱ्या शर्टांची रांग वाळत असायची आणि दोघं आपापल्या घरी व्हिडिओ कॉल करायचे.

संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर मी त्यांना मराठी शिकवायची. टोंगाचा मला बाई म्हणायचा. माझ्याकडून तो "आम्ही" शिकायचा आणि आईकडून "आमी".

"बाई, कोणतं बरोबर?"

लाल पेनानं वह्या तपासण्यात माझी वीस वर्षं गेलेली. मी म्हटलं, "दोन्ही." त्यानं आईचं उचललं. मंडईत जाऊन "लई भारी हाय" म्हणायचा, आणि भाजीवाल्या बायका त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या.

एका सोमवारी तो मागच्या अंगणात मोरीचं पाणी जातं तिथं उभा राहिला. तिथं अळू माजलं होतं. तो खाली बसला, पानं हातात घेतली, आणि बराच वेळ उठेचना.

"हे आमच्या घरी आहे," तो म्हणाला. "माझी आई रविवारी करते."

त्यांच्याकडं अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं घट्ट दूध घालून पुरचुंडी करतात आणि जमिनीतल्या भट्टीत भाजतात. त्यानं ते आमच्या कुकरमध्ये केलं. "चिंच न्हाई घातली, घसा खाजंल," असं आई चारदा म्हणाली. खाजला नाही. दूध घालून खूप शिजवलं की खाजत नाही, हे तो खुणा करून सांगत होता. पुढच्या आठवड्यात आईनं अळूवड्या केल्या तेव्हा चौदा खाल्ल्या त्यानं. मोजू नकोस म्हणून आई मला रागावली.

मग तो सोमवार आला. आंध्रच्या पोराचा घरचा कॉल झाला. टोंगाच्या पोराचा लागेना. आम्हाला वाटलं, नेट गेलं असेल. दुपारी आंध्रचा एकटाच खाली आला. एकटाच आला, म्हणजे काहीतरी झालंय, हे मला तेव्हाच कळलं. त्यानं फोन पुढं केला. टोंगाच्या बेटांवर मोठं चक्रीवादळ आलं होतं. समुद्र गावात शिरलेला, फोन बंद, इंटरनेट बंद. ज्या लहान बेटावर याचं घर, तिथून काहीच बातमी नाही. घरी आई, वडील, चार बहिणी. घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

पुढचे दिवस त्यानं नेम मोडला नाही. साडेसहाला उठायचा, सायकल काढायचा. गाणं मात्र बंद. जेवण अर्धं टाकायचा. एक दिवस शाळेतून आले तर त्यानं मागचं अख्खं अंगण खणून ठेवलेलं, कुणी सांगितलं नव्हतं. अळू तेवढं राखलं होतं.

चौथ्या दिवशी मला मोबाईलवर एक फोटो दिसला. त्याच बेटाचा, वरून काढलेला. किनाऱ्यालगत नुसते चौथरे. मी तो त्याला दाखवला नाही. जिन्यात आंध्रचा भेटला, तो म्हणाला, "बाई, मी पण पाहिला. मी पण दाखवला नाही." आम्ही दोघं गुन्हेगारासारखे उभे. तेवढ्यात वरून टोंगाचा म्हणाला, "मी परवाच पाहिला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

गुडघे दुखायला लागल्यापासून आई महिनाभर जिना चढली नव्हती. त्या संध्याकाळी कठडा धरून चढली. त्याच्या शेजारी पलंगावर बसली आणि त्याची नाडी धरली. नर्सची सवय.

"घाबरलास व्हय रे?"

"व्हय आजी."

"मग तसं म्हनावं की. दाबून कशाला ठेवायचं?"

तेव्हा तो रडला. एवढा मोठा देह, आईच्या खांद्यावर कसाबसा मावलेला. मी दारातून मागं फिरले.

रविवारी आईनं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना प्रार्थना करायला सांगितलं. "त्यांचं न् आपलं चर्च येगळं," असं जी पहिले दोन महिने सांगत फिरायची, तीच. आपली उपासना आटोपून दोघं आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, शेवटच्या बाकावर येऊन बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्या बेटाचं नाव घेतलं. थोडं चुकीचं घेतलं, पण घेतलं. आमच्या बायका माना वळवून वळवून त्याच्याकडं बघत होत्या. बाहेर पडताना एकीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं.

दहाव्या दिवशी बुधवार होता. मी मधल्या सुट्टीत घरी जेवायला आले होते. वरून धाडधाड पावलं आली, आणि टोंगाचा पोरगा अनवाणी, टाय अर्धा बांधलेला, स्वयंपाकघराच्या दारात. मागं आंध्रचा, डोळे पुसत. न्यूझीलंडला राहणाऱ्या त्याच्या मावशीचा फोन आला होता. मदतीचं जहाज बेटाला लागलं, तिथल्या सॅटेलाइट फोनवरून वडील अर्धं मिनिट बोलले.

त्याला इंग्रजी सुचलं नाही. तो आईला म्हणाला, "आई हाय. बाबा हाय. चारी बहिनी हायेत. घर न्हाई."

आईच्या हातात पोळी होती, ती तव्यावर टाकायची राहिली. ती खाली बसली, पाटावर नाही, फरशीवरच. "देवा," एवढंच म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, "आता जेव! बसा दोघंबी!" मी शाळेत फोन करून दोन तास उशिरा येते म्हणून सांगितलं. काय कारण, हेही सांगितलं नाही. चौघं फरशीवर बसून जेवलो. कोण किती जेवलं, मला आठवत नाही. हसत होतो एवढं आठवतं, आणि हसण्यासारखं काही कुणी बोललं नव्हतं. वादळ यायच्या आदल्या दुपारीच सगळं गाव टेकडीवरच्या शाळेत गेलं होतं, हे त्यानं आम्हाला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

त्या दुपारी आई दिवे लागेपर्यंत झोपली. मला नंतर कळलं, नऊ दिवस ती नीट झोपलीच नव्हती.

आणखी दोन आठवड्यांनी नेट आलं आणि पडद्यावर त्याची आई दिसली. मागं ताडपत्री, वाऱ्यानं फडफडणारी. त्यानं फोन आमच्या आईच्या हातात दिला. ती टोंगन बोलली, ही सोनईची मराठी. मधे दुभाष्या म्हणून तो काही बोलू लागला तर दोघींनी त्याला गप्प केलं. "लई गुनी पोरगं हाय तुमचं, जेवतं बी चांगलं," आई सांगत होती, आणि पलीकडून ती बाई जोरजोरात मान हलवत होती.

जूनमध्ये त्याची बदली झाली. बेंगळुरूला. बस सुटताना तो खिडकीतून आईला म्हणाला, "आजी, आमी परत येऊ." आई म्हणाली, "ये की. आदी घरी जाऊन आईला भेट." तो पुढच्या वर्षी घरी गेला. तिथं वडिलांबरोबर नवं घर बांधतोय, टेकडीजवळ, समुद्रापासून लांब. आईनं ते अंतर त्याच्याकडून दोनदा विचारून घेतलं, आणि मग तिचं समाधान झालं.